तूप : कुणीही

“मॅडम, लोक पानावर बसलेत. भात वाढला, वरण वाढलं. आता काय करू?”

“जेवू द्या की, खोतकाका.”

“कसं जेवतील? तूप कुठंय?”

“तूप तुमच्याच स्वयंपाकघरात असणार ना.”

“तपेली भरल्याली हाय. टेबलावर हाय. मी स्वतः बघतोय तिच्याकडं. पण उचलायची कुणी?”

“कुणीही उचला.”

फोनवर सनई वाजत होती. कुणाचं तरी पोरगं जिलबीसाठी रडत होतं आणि त्याला कुणीतरी गप्प करत होतं.

“मॅडम,” रत्नदीप मंगल कार्यालयाचे खोतकाका म्हणाले, “हितं कुणीही नावाची बाई न्हाई.”

१२:५१

ही वेळ मला पाठ आहे, कारण समोरच्या स्क्रीनवर नऊ चौकोन होते आणि नऊच्या नऊ हिरवे होते. हिरवा म्हणजे सगळ्या वाढपी बायका जागेवर हजर. चौऱ्याऐंशी बायका, नऊ मंगल कार्यालयं, सांगली आणि मिरज मिळून एकच मुहूर्त. साडेअकरालाच सगळे हिरवे झाले होते आणि माझ्यासोबत हे सॉफ्टवेअर लिहिलेल्या तौफिकनं खुर्चीवर उभं राहून आरोळी ठोकली होती. आमची खोली मिरजेत त्याच्या चाचांच्या सतारीच्या दुकानावर होती. आरोळी ऐकून चाचांनी खालून एक तार अशी काही छेडली होती की जिना थरथरला.

आता दुसरा फोन वाजायला लागला. मग तौफिकचा.

“विश्रामबाग,” तो म्हणाला. “तूप.”

तिसरा.

“माधवनगर. तूप!”

चौकोन अजून हिरवेच होते. माझ्या सॉफ्टवेअरच्या मते सगळं उत्तम चाललं होतं.

•

नाही, असं नाही कळायचं. दोन मिनिटं मागं घेते. दोन मिनिटं नाही, दोन महिने.

आमच्याकडं लग्नातली पंगत अजून सुटलेली नव्हती. बुफे आला होता, पण मुलाकडची मंडळी पानावरच बसणार. पंगत म्हटली की वाढपी लागतात. वाढपी म्हटलं की बापू लिगाडे. बायकांनी सकाळी सहाला बापूंच्या पायरीशी जाऊन बसायचं. बापू चहा पिऊन बाहेर येणार, बोट दाखवणार. तू, तू, तू, आणि तू. ज्यांच्याकडं बोट गेलं नाही त्या घरी परत. दिवस बुडालेला, डबा तसाच.

माझ्या आईनं, सुगंधानं, त्या पायरीवर वीस वर्षं काढली. मी डिप्लोमा केला तो त्या पायरीच्या पैशांवर.

सॉफ्टवेअर साधं होतं. कार्यालयवाल्यानं कळवायचं, इतक्या बायका पाहिजेत. बाईनं कळवायचं, उद्या मोकळी आहे किंवा नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला तिच्या फोनवर निरोप : कुठं, किती वाजता, आणि पंगतीत कुठला पदार्थ वाढायचा. पोराची परीक्षा असेल तर नाही म्हणायचं, कुणी रागावणार नाही.

आई पहिली आली. मग एकीच्या ओळखीनं दुसरी, अशा बाकीच्या त्र्याऐंशी. त्यातल्या बऱ्याच बापूंच्या, काही कवलापूर, बेडगकडच्या नव्या, ज्यांनी बापूंचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. बापूंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “गेलात तर पुन्हा ही पायरी चढायची न्हाई.”

नऊ कार्यालयांचा कारभार अण्णा चौगुल्यांकडं. ते म्हणाले होते, “एक दिवस देतो. सगळ्यात दांडगा दिवस देतो. पंगत अडली न्हाई तर सबंध हंगाम तुमचा. अडली तर मी परत बापूकडं.”

म्हणजे तो एक दिवस चुकला तर चौऱ्याऐंशी बायकांना ना आमचा फोन, ना बापूंची पायरी.

बस. आता परत या.

•

१२:५३

“संजू, मी काल म्हणालो होतो,” तौफिक म्हणाला.

म्हणाला होता. खरं आहे. बायकांनी नाव नोंदवताना एक फॉर्म भरला होता. त्यात एक रकाना होता.

तुमचा पदार्थ : ____________

भात एकवीस जणींनी लिहिला होता. वरण, पुरी, भाजी, मठ्ठा, जिलबी, सगळ्याला माणसं होती. काल तौफिक स्क्रीनकडं बघून म्हणाला होता, “तूप शून्य दिसतंय. चौऱ्याऐंशीत एकपण नाही?” आणि मी घाईत म्हणाले होते, “असू दे. तपेलीच तर आहे. कुणीही उचलेल.” मग मी सगळ्या निरोपांच्या खाली एक ओळ जोडली होती.

तूप : कुणीही

माझा फोन अजून खोतकाकांशी जोडलेलाच होता. “काका, जवळ जी बाई असेल तिला फोन द्या.”

“हॅलो,” एक घाबरलेला आवाज.

“ताई, तुम्ही तेवढी तपेली उचला ना.”

“मला भात आलाय.”

“हो, भात झाला ना वाढून? आता तूप घ्या.”

“फोनमधी मला भात आलाय, बाई. तूप न्हाई आलं. मी कशी घेऊ? चार लोक बगत्यात.”

“कोण बघतंय?”

“या सगळ्या की.”

तेवढ्यात तौफिकनं त्याचा फोन माझ्या दुसऱ्या कानाला लावला. विश्रामबागेतल्या मालन कोळी होत्या. मालनमावशी, आईच्या जुन्या मैत्रीण, लहानपणी मला कडेवर घेतलेल्या.

“संजे! काय चाललंय ह्ये? पंगत बसून ऱ्हायलीया!”

“मावशी, तुम्हीच घ्या की तपेली! तुम्ही किती वर्षं तूप वाढलंय!”

“मला मीठ आलंय.”

“काय आलंय?”

“मीठ. तुज्या फोननं मला मीठ दिलंय. दिलं तर दिलं, वाढलं मी. आता तूप आनि मीच उचलू?”

“मग फॉर्मवर तूप का नाही लिहिलंत?”

“सोताच्या हातानं?” मालनमावशी इतक्या जोरात ओरडल्या की तौफिकनं फोन लांब केला. “अगं, सोताच लिहायचं, मी तूपवाली म्हनून? लाज हाय का न्हाई? तूप म्हंजे मान, त्यो मागायचा नसतो, पोरी. देत्यात हातात.”

“कोण देतं?”

“बापू द्यायचा.”

“आणि बापू नसेल तर?”

हे त्यांना वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

“तर मग,” त्या म्हणाल्या, “बाकीच्या म्हंतील. ज्या संगं वाढायल्यात त्या. त्यास्नी कळतंय न्हवं, कुनाचा हात कसा हाय.”

•

मला वाटतं तिथं मी किंचाळले. तौफिक म्हणतो, किंचाळले नाही, टेबलावर हात आपटला. टेबलावर चहा होता. तो चहा अजून त्या कीबोर्डमध्ये कुठंतरी आहे.

“त्यांना विचार!”

“कुणाला?”

“सगळ्यांना! तू कोण आहेस असं नको विचारू. दुसरीचं नाव विचार!”

१२:५५

चौऱ्याऐंशी फोनवर एकच ओळ गेली :

तुमच्या पंगतीत तूप कुणाच्या हातात द्यावं? नाव पाठवा. स्वतःचं नको.

“स्वतःचं नको” हे तौफिकनं जोडलं. म्हणाला, “तसंही लिहिणार नाहीत, पण लिहिलं म्हणजे त्यांना बरं वाटेल.”

उत्तरं मोजायचा प्रोग्राम त्यानं तिथल्या तिथं लिहिला. मी फोन घेत होते, तो लिहीत होता, मध्येच एकमेकांवर ओरडत होतो. बाहेर मे महिना, आत पंखा बंद, कारण पंख्यानं कागद उडत होते. मला भयंकर मजा येत होती. हे सांगायला लाज वाटते, नऊ ठिकाणी हजारभर माणसं निवत चाललेल्या भातासमोर बसलेली, आणि मला मजा येत होती. असा दिवस पुन्हा आला नाही.

मालन कोळी.
मालनबाई.
मालन
मालन कोळी दुसरं कोण.

“विश्रामबाग!” तौफिक ओरडला. प्रोग्रामनं नाव जुळवलं, त्या हॉलमधल्या सगळ्या फोनवर निरोप गेला. तूप : मालन कोळी. आणि अर्ध्या मिनिटात तिथला मॅनेजर फोनवर, “उचलली! उचलली! दोघींनी तिच्या हातात दिली!”

माधवनगर : शेवंता. सगळ्यांची शेवंता.

गणेशनगरात दोन नावं आली, चारला पाच. पाचवाली जिंकली. ती म्हणे रडली, मग वाढायला लागली.

१२:५८. चार हॉल.

१:०१. सात.

“संजू, इकडं बघ,” तौफिक म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. “ज्यांची नावं येतायत ना, त्यांचे फॉर्म बघ.”

मी बघितले.

तुमचा पदार्थ : ____________

तुमचा पदार्थ : ____________

तुमचा पदार्थ : ____________

सगळे कोरे. चौऱ्याऐंशीतल्या अकराच जणींनी रकाना कोरा सोडला होता, आणि पंगती त्यांचीच नावं घेत होत्या. कोऱ्या फॉर्मचं काय करायचं ते मीच सॉफ्टवेअरला शिकवलं होतं. काही येत नसेल तर पहिला पदार्थ द्या. पानावर पहिलं मीठ पडतं. मीठ नव्या बाईला देतात, चिमूट सोडायची आणि पुढं सरकायचं, चुकायला जागाच नाही. माझ्या सॉफ्टवेअरनं सांगली-मिरजेतल्या सगळ्यात जाणत्या हातांना शोधून शोधून, प्रत्येक हॉलला एक-दोन याप्रमाणं, मीठ दिलं होतं.

“आणि आई?” मी म्हणाले.

आईचा फॉर्म मी स्वतः भरला होता. स्वयंपाकघरात, ती कणीक मळत असताना.

“तुझा पदार्थ तूप लिहू?”

“ठेव तसंच.”

“अगं पण सगळ्यांना माहितीय.”

“ठेव म्हटलं की. आनि हे बग, माझं नाव कुठल्या हॉलात पडलंय ते तू बगायचं न्हाई. लेकीनं आईला बरी जागा दिली असं कुनी म्हनलं तर मी दुसऱ्या दिवशी येनार न्हाई.”

मला वाटलं होतं, ती म्हणतेय, कुठलाही पदार्थ चालेल. मी बघितलं नव्हतं. ती सकाळी डबा घेऊन बाहेर पडली तेव्हा विचारलंही नव्हतं.

१:०३. आठ हॉल.

नववा रत्नदीप. खोतकाकांचा. मिरजेतलाच, आमच्या खोलीपासून पायी सहा मिनिटं.

“उत्तरं आलीयत की तिथून,” मी म्हणाले. “मग निरोप का जात नाही?”

तौफिकनं स्क्रीन वळवून दाखवला.

नाव सापडलं नाही.
नाव सापडलं नाही.
नाव सापडलं नाही.

रत्नदीपच्या बायका सगळ्या एकमेकींना अनोळखी होत्या. जवळचा हॉल जवळच्या बाईला देताना सॉफ्टवेअरनं इतर ठिकाणी ओळखीच्या बायका आपसूक एकत्र ठेवल्या होत्या. रत्नदीपला उरलेल्या पाठवल्या होत्या. कुणालाच कुणाचं नाव माहीत नव्हतं. पण नावाच्या जागी त्यांनी काहीतरी लिहिलं होतं. मी ते वाचलं, फोनवर घेतलं आणि जिन्यावरून खाली पळाले.

“काय झालं गं?” चाचा सतारीच्या भोपळ्याआडून म्हणाले.

“तूप!” मी म्हणाले.

“खाऊन घे मग,” ते म्हणाले.

•

पळत गेले. सहा मिनिटं तीन झाली.

रत्नदीपच्या मांडवात चार रांगा होत्या, एकशेवीस पानं. भाताच्या मुदी, त्यावर वरण, बाजूला कोशिंबीर, जिलबी. एकशेवीस माणसं मांडीवर हात ठेवून बसलेली. काही जण भातावरच्या माश्या वारत होते. एक आजोबा मोठ्यानं म्हणत होते, “आमच्या वेळी मुंजीत सुद्धा असं झालं नव्हतं.” यजमान घामानं भिजलेले, कारण तूप पडल्याशिवाय ते ‘सावकाश होऊ द्या’ म्हणू शकत नव्हते, आणि ते म्हटल्याशिवाय कुणी घास उचलणार नव्हतं.

पहिल्या रांगेत अण्णा चौगुले. त्यांच्या शेजारी बापू लिगाडे. नवरीकडून दोघांनाही आमंत्रण होतं.

भिंतीशी बायका उभ्या होत्या, हातात फोन धरून. फोन काही सांगेल म्हणून वाट बघत होत्या. आणि त्यांच्या टोकाला, हिरव्या लुगड्यात, मिठाची वाटी धरून माझी आई.

मीठ. माझ्या आईच्या हातात.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. ओळख दाखवू नकोस, असं.

“काय गं संजे?” बापू बसल्या जागेवरून म्हणाले. “तुझा फोन वाढतो का तूप?”

आजूबाजूचे चार जण हसले.

“कसा वाढंल बिचारा फोन?” बापू पुढं म्हणाले. “तुपाला हात लागतो. आनि हात दाखवायला मानूस लागतो.”

“बापू,” अण्णा म्हणाले, “भात निवतोय.”

“थांबा अण्णा, निवू देत न्हाई.” बापू उठले. पानावरून उठू नये म्हणतात, पण ते उठले. टेबलापाशी गेले. तपेली उचलली, पळी आत टाकली, आणि सगळ्या पंगतीला दिसेल असे आईसमोर जाऊन उभे राहिले.

“घे सुगंधा. वीस वर्सं मी दिली. आजबी मीच देतो. घे आनि हो मोकळी.”

आता मला फक्त एवढंच सांगता येईल की ते फार सोपं होतं. आईनं हात पुढं केला की तूप पडणार, पंगत सुटणार, लग्न पार पडणार. आणि उद्या सकाळी सहाला चौऱ्याऐंशी बायका त्या पायरीवर. अण्णांनी सगळं पाहिलेलं असणार. त्यानंतर कुणाला काही सांगण्यात अर्थ उरणार नव्हता.

आईनं मिठाची वाटी खाली ठेवली नाही.

“घे की,” बापू जरा हळू म्हणाले. त्यात दरडावणी नव्हती. मला अजून वाटतं, त्यांना खरंच तिला तूप द्यायचं होतं.

“आई,” मी पुढं झाले, “माझ्याकडून घे. मी देते. द्या तपेली, बापू.”

“तू मागं हो,” आई म्हणाली. “घरच्यानं दिल्यालं मोजत न्हाईत.”

एकशेवीस माणसं. पंख्याचा आवाज. एका पोरानं जिलबीला हात घातला आणि त्याच्या आईनं त्या हातावर चापट मारली, ती सगळ्या मांडवात ऐकू गेली.

मग मी फोन वर धरला. दुसरं काही सुचलं नाही. वाचायला लागले. मोठ्यानं, बातम्या वाचतात तसं.

“या हॉलमधून आलेली उत्तरं. एक. मीठवाल्या काकू.”

भिंतीशी कुणीतरी हललं.

“दोन. मिठाची बाई. तीन. ज्यांनी मीठ वाढलं त्या, नाव विचारायचं राहिलं. चार. मीठ. पाच. हिरवं लुगडं, चष्मा, मीठ. सहा. मिठाच्या मावशीला द्या, बाकी कुणाला नको. सात. मीठवाली, आणखी किती वेळ थांबायचं.”

कुणी हसलं नाही.

“हे फोननं नाही सांगितलं,” मी म्हणाले. “फोनला तर नावच सापडत नाही. हे तुम्हीच सांगितलंय.”

तेव्हा वरणाची बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. कवलापूरच्या छबू ऐवळे. तिचं नाव मला नंतर कळलं. तिशीची बाई, अंगानं भक्कम, पदर कमरेला खोचलेला. ती सरळ बापूंसमोर आली.

“ओ दादा, द्या हिकडं.”

बापू लिगाड्यांना सांगली जिल्ह्यात कुणी वाढपी दादा म्हणाली नव्हती. त्यांना बहुतेक त्यातच काही सुचलं नाही. छबूनं त्यांच्या हातातून तपेली घेतली, आईच्या हातातली मिठाची वाटी काढून खिडकीत ठेवली, आणि तपेली आईच्या हातात दिली.

“धरा काकू.”

“मी?” आई म्हणाली. “तू मला वळखतीस का?”

“न्हाई. पन मघाशी तुमच्या मागनं मीच येत हुते. एकशेवीस पानं. एक चिमूट न्हाई की लहान, एक न्हाई की मोठी, एक दाना पानाच्या भायेर न्हाई.” मग ती जरा चिडूनच म्हणाली, “जी मिठाला एवडी जपती ती तुपाला किती जपंल? धरा आता. माझं वरन निवाय लागलं.”

आईनं धरली.

“बापू,” अण्णा म्हणाले, “बसा आता.”

१:११

आईला तूप वाढताना मी कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी तिनं मला कधी कामावर नेलं नाही. पळी तिरकी, मनगट हलत नाही, धार सुतासारखी, बरोबर मुदीच्या शेंड्यावर. पावलं न थांबता. एक पान, दुसरं पान, तिसरं. कुणाला वर मान करून बघायलाही वेळ मिळत नव्हता, तूप पडून ती पुढं गेलेली. चार रांगा. तपेलीच्या तळाशी शेवटची पळी उरली ती शेवटच्या पानाला पुरली.

यजमानांनी हात जोडले. “सावकाश होऊ द्या!”

एकशेवीस हात एकदम हलले. मांडवभर असा आवाज झाला की मी खांबाला टेकले.

अण्णांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “वीस मिनिटं पंगत अडली.”

“हो,” मी म्हणाले.

“बापू, गेल्या साली तुज्याकडं किती अडली होती?”

बापू भात कालवत होते. “अडली न्हवती,” ते म्हणाले. मग आणखी जरा कालवून, “पन सुगंधाला मी निवडली होती, अण्णा. आज तिला ह्यांनी निवडली.” ते रागानं म्हणाले की कशानं, मला तेव्हाही कळलं नाही, आणि आता ते नाहीत.

“जेवण झाल्यावर बोलू,” अण्णा मला म्हणाले.

•

अण्णांनी हंगाम आम्हालाच दिला. आज अकराशे बायका आहेत. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. फॉर्ममधून ‘तुमचा पदार्थ’ हा रकाना आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकला. त्या जागी दर पंगतीनंतर प्रत्येकीला एकच प्रश्न जातो, पुढच्या वेळी तूप कुणाच्या हातात द्यावं, आणि त्यात स्वतःचं नाव लिहिता येत नाही. नाव माहीत नसेल तरी चालतं. हिरवं लुगडं, चष्मा, असलं काही लिहिलं तरी तौफिकचं सॉफ्टवेअर आता माणूस शोधून काढतं. मोठ्या शहरातले लोक येतात, विचारतात ही पद्धत कुठून घेतली. तौफिक सांगतो, सतारीच्या दुकानातून. त्यांना ती गंमत वाटते.

पण मी तिथं संपवणार नव्हते. अजून एक राहिलं.

•

१:३४

पहिली पंगत उठली. पानं उचलली, पाणी शिंपडलं, नवी पानं मांडली. मी एका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. फोन वाजला. रत्नदीपहून आठवं उत्तर. चाळीस मिनिटांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं.

पाठवणारी : वाढपी क्र. ३१.

आईला टाइप करायला वेळ लागतो. एकेक अक्षर शोधते, चष्मा वर करून बघते. तिनं पंगत अडलेली असतानाच सुरुवात केली असणार, मग बापू समोर येऊन उभे राहिले असणार, मग तपेली, मग एकशेवीस पानं. मधली मोकळी मिनिटं मिळाल्यावर तिनं वाक्य पुरं केलं होतं.

वरणवाली. बादली जड आहे तरी सांडत नाही.

मी मान वर केली.

दुसरी पंगत बसत होती. स्वयंपाकघराच्या दारात तपेली पुन्हा भरून ठेवली होती. आई तिथं गेली, पदरानं कड पुसली, आणि तपेली घेऊन छबूसमोर उभी राहिली.

“मी?” छबू म्हणाली. “माझं वरन हाय की.”

“ठेव ती बादली.”

“अवो काकू, मी नवी हाय. पयलाच दिवस हाय माजा.”

“मी मागितली होती का मघाशी?” आई म्हणाली. “धर.”

छबूनं धरली. पळी सरळ होती.

आईनं इकडं तिकडं बघितलं, खिडकीत ठेवलेली वाटी उचलली, आणि पहिल्या पानापाशी जाऊन मीठ वाढायला सुरुवात केली.